देवळालीचा ताप

राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा नावाचं गाव आहे. नगरपरिषद असलेलं, उसाच्या पट्ट्यातलं, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या इतर दहा गावांसारखंच. नावापुढे 'प्रवरा' जोडायचं कारण सोपं आहे. नुसतं 'देवळाली' म्हटलं की बाहेरचा माणूस हमखास विचारतो, "कॅम्पवाली का?" आणि मग सांगावं लागतं की ती नाही, ती नाशिकची, आमची राहुरीची.

त्या कॅम्पवाल्या देवळालीचं नाव इंग्लंड-आयर्लंडात आजही घराघरांत घेतलं जातं. मात्र घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते गावाचं नाव आहे याचा पत्ता नसतो. आजोबांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, आजोबा 'डूलॅली' झाले. कपडे धुण्याचं यंत्र मध्येच उड्या मारायला लागलं, यंत्र 'डूलॅली' झालं. शेजारीण भर पावसात झाडांना पाणी घालते आहे, तर तिचंही तेच. देवळालीचं हे इंग्रजी तोंडात घोळलेलं रूप शब्दकोशांत रीतसर नोंदलेलं आहे. अर्थ: वेडसर, डोकं फिरलेला, ताळ्यावर नसलेला.

या शब्दाची छटा नीट पाहायला हवी, कारण त्यातच त्याची गंमत आहे. डॉक्टर रुग्णाच्या कागदावर 'डूलॅली' लिहीत नाहीत. न्यायालयात कुणी हा शब्द वापरत नाही. ज्याला खरोखर मानसिक आजार आहे त्याच्या तोंडावर तो म्हटला तर ऐकणाऱ्यांना खटकेल. हा घरातला, चहाच्या टेबलावरचा शब्द आहे. त्यात थोडी थट्टा असते, थोडी माया असते, आणि समोरचा उद्या पुन्हा ठीक होईल असं गृहीत धरलेलं असतं. आपण 'येडं झालंय का हे?' म्हणतो त्या जातीचा. 'वेडा' आणि 'येडं' यांत मराठी माणसाला जो फरक ऐकू येतो, तोच 'मॅड' आणि 'डूलॅली' यांत इंग्रजाला ऐकू येतो. अमेरिकेत मात्र हा शब्द फारसा रुजला नाही. तिथला माणूस तो ऐकून बुचकळ्यात पडतो. अमेरिकेच्या पलटणी देवळालीत कधी ताटकळल्या नव्हत्या, हे त्याचं साधं कारण.

ताटकळण्याचीच ही गोष्ट आहे.

१८५७ चा उठाव मोडल्यावर हिंदुस्थानात गोऱ्या फौजेची संख्या वाढवली गेली. इतक्या माणसांची ने-आण करायला मुंबई बंदराजवळ, पण मुंबईच्या दमट हवेबाहेर, एक मुक्कामाचं ठिकाण हवं होतं. १८६१ मध्ये देवळालीला छावणी उभी राहिली. मुंबईहून रेल्वेमार्गाने सुमारे १८० किलोमीटर, घाटावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरी गाठली आणि देवळालीचा रस्ता सोपा झाला. बोटीतून उतरलेला नवा शिपाई आधी इथे यायचा, उन्हाची सवय करून घ्यायचा आणि मग आपल्या पलटणीकडे रवाना व्हायचा. ज्याची नोकरी संपली तो उलट दिशेने इथेच यायचा आणि विलायतेच्या बोटीची वाट पाहत बसायचा.

गोम या दुसऱ्या प्रकारात होती. फौजा नेणाऱ्या बोटी बारमाही नव्हत्या. नोव्हेंबर ते मार्च एवढाच त्यांचा हंगाम. त्यानंतर अरबी समुद्र खवळायचा आणि तांबड्या समुद्रात माणसं उकडून निघायची. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात खास हिंदुस्थानच्या वाहतुकीसाठी पाच मोठ्या बोटी बांधल्या गेल्या होत्या: क्रोकोडाइल, युफ्रेटीस, जमना, मलबार आणि सेरापिस. यांपैकी एकीचं नाव आपल्या यमुनेचं, हे जाता जाता. पण बोटी कितीही असोत, ज्या शिपायाची मुदत एप्रिलमध्ये संपली त्याला पुढचा हंगाम उजाडेपर्यंत थांबणं भाग होतं. मधे अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा.

असा माणूस कसा असेल? वय तिशीच्या आतबाहेर. सात-आठ वर्षं हिंदुस्थानात काढलेली. बंदूक जमा केलेली, सामान परत केलेलं. सकाळी कवायत नाही, रात्री पहारा नाही. हुकूम द्यायला स्वतःची पलटण नाही, कारण पलटण राहिली मीरतला नाहीतर रावळपिंडीला. सोबत शेकडो तसेच, एकमेकांना अनोळखी. खिशात थोडेफार पैसे, कॅण्टीनमध्ये बिअर, बाहेर बाजार. आणि दिवस काही केल्या संपत नाही.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायाने हे लिहून ठेवलं आहे. रॉयल वेल्श फ्युझिलियर्स पलटणीतला हा माणूस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात होता. पुढे कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या मदतीने त्याने आठवणी लिहिल्या आणि १९३६ मध्ये 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक आलं. साहेबाच्या बंगल्यातून लिहिलेल्या पुस्तकांचा ढीग आहे. बराकीतून लिहिलेली अगदी थोडी, आणि त्यांत याची किंमत मोठी. रिचर्ड्सच्या मते, विचित्र वागणाऱ्या माणसाला 'देवळालीचा ताप' चढला असं म्हणण्याची रीत पडली ती या छावणीतल्या कंटाळ्यामुळेच. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता अशी माणसं इथे येऊन बिघडत, कुणी बाजारातून आजार घेई, कुणी तुरुंगात जाई आणि बोट गाठण्याऐवजी कोठडीच गाठून बसे.

रिचर्ड्सच्या आधी किपलिंगनेही या दुखण्याची नाडी पकडली होती. त्याच्या १८८८ च्या 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' या संग्रहात ऑर्थेरिस नावाच्या शिपायाला अचानक लंडनची भूल पडते, शिकारीला गेलेला असताना तो वेड्यासारखं बरळायला लागतो आणि पळून जायला निघतो. कथा पंजाबाकडची आहे, देवळालीचं नाव तिच्यात नाही. पण हे दुखणं एकट्या एका छावणीचं नव्हतं, एवढं तिच्यावरून कळतं. देवळालीने फक्त त्याला नाव पुरवलं.

मूळ शब्दप्रयोग दोन तुकड्यांचा होता: 'डूलॅली टॅप'. फ्रेझर आणि गिबन्स यांनी १९२५ मध्ये शिपाई आणि खलाशांच्या बोलीचा कोश छापला, त्यात तो सापडतो. यातला दुसरा तुकडा इंग्रजांना कधी उमगलाच नाही. त्यांच्या भाषेत 'टॅप' म्हणजे नळ, किंवा दारावरची टकटक. डोक्यावर कुणीतरी टकटक केली म्हणून माणूस वेडा झाला, असे तर्कही लढवले गेले. मराठी वाचकाला इथे कोश उघडावा लागत नाही. टॅप म्हणजे ताप. आलेला, चढलेला, उतरलेला ताप. कोशकार उर्दू आणि फारसीतल्या 'तप'कडे बोट दाखवतात, आणि संस्कृत 'ताप' त्याचा सख्खा नातलग आहेच. देवळालीच्या बाजारात मात्र त्या शिपायाने हा शब्द भिस्त्याच्या, न्हाव्याच्या, धोब्याच्या तोंडून ऐकला असणार, आणि तिथे तो मराठीतही होता आणि हिंदुस्थानीतही.

मराठीत हा शब्द इतका राबलेला आहे की त्याची श्रीमंती आपल्या लक्षातही येत नाही. ताप हा रोग. ताप ही उष्णता. ताप ही कटकट. 'डोक्याला ताप' म्हणताना आपण थर्मामीटर शोधत नाही. तापट माणूस, संतापलेली सासू, तापलेलं राजकारण, सगळं एकाच चुलीवरचं. त्यात अध्यात्माचे त्रिविध ताप वेगळे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि तिच्या शेवटच्या पसायदानात सज्जनांना ताप नसलेल्या सूर्याची उपमा दिली आहे. आधिभौतिक, आधिदैविक, आध्यात्मिक या तिन्हींत न बसणारा एक चौथा ताप पुढे सहाशे वर्षांनी देवळालीच्या छावणीत निघाला, आणि त्याचं औषध एकच होतं: मुंबईहून सुटणारी बोट.

हिवतापही होताच म्हणा. मलेरियाने माणसं बरळत, उन्हाचा तडाखा डोक्यात जाई. 'देवळालीचा ताप' म्हणणाऱ्या पहिल्या शिपायाच्या मनात खरा ताप होता की कंटाळा, याचा वाद शब्दांचे अभ्यासक घालतात. हा वाद मराठीत पडतच नाही. आपल्याकडे दोन्हींना शब्द एकच.

गंमत अशी की देवळालीची हवा वाईट नव्हे, उलट नावाजलेली. मुंबईतल्या पारशी आणि गुजराती कुटुंबांनी तिथे बंगले बांधले, आरोग्यधामं उभारली; आजारातून उठलेल्या माणसाला महिनाभर देवळालीला धाडायची रीत मुंबईत कित्येक पिढ्या चालली. ज्या गावाला मुंबईकर डोकं शांत करायला जात होता, त्याच गावाच्या नावाने इंग्रज डोकं फिरल्याचं सांगत होता. हवापाण्याचा यात दोष नव्हता. एकाला परतीची तारीख ठाऊक होती, दुसऱ्याला नव्हती.

गावाच्या नावाने वेड ओळखायची खोड इंग्रजांची एकट्याची नाही. पुण्यात 'याला येरवड्याला पोचवा' म्हणतात, मुंबई-कोकणात 'ठाण्याला'. हिंदी मुलखात आग्रा आणि रांची. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं, येरवड्याचंही जुनं, त्यामुळे या म्हणींची मुळं शोधायला फार खणावं लागत नाही. लंडनमध्ये बेथलेम नावाची धर्मशाळा १२४७ मध्ये निघाली, पुढे तिथे वेड्यांना ठेवू लागले आणि बेथलेमचं 'बेडलम' होऊन गोंधळ-गदारोळाला इंग्रजीत कायमचा शब्द मिळाला. देवळाली या यादीत बसवली जाते खरी, आणि तिथे वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं असं कित्येक इंग्रज बेधडक सांगतात. पण देवळालीची ओळख इस्पितळाची नव्हती. छावणी होती, लष्करी तुरुंग होता, रुग्णांच्या खाटा होत्या. गावाचं नाव गाजलं ते मात्र प्रतीक्षालयामुळे. येरवड्याला वेडा झालेला माणूस नेतात. देवळालीला शहाणा माणूस नेला जाई.

आता उच्चाराकडे. 'देवळाली'त इंग्रजाला दोन ठिकाणी ठेच लागते. 'ळ' त्याच्याकडे नाहीच, त्याचा 'ल' होतो. 'देव' हे तो 'डिओ' असं लिहितो, आणि घाईत बोलताना त्याचा 'डू' होतो. मग आघात मधल्या अक्षरावर पडला की देवळातली घंटा जाऊन नुसतं डुलणं उरतं: डूलॅली. हा नाद शब्दाच्या पथ्यावर पडला. लहान मुलाला झोपवताना गुणगुणावं तसा, थोडा बोबडा, थोडा झिंगलेला. छावणी देवळालीऐवजी कल्याणला असती तर हा शब्द झालाच नसता. 'त्याचं कल्याण झालं' म्हणून कोण हसणार?

व्याकरणानेही हात दिला. इंग्रजीत वेडं 'होत' नाहीत, वेडं 'जातात'. त्यामुळे 'देवळालीला गेला' आणि 'देवळाली झाला' ही दोन वाक्यं त्यांच्या भाषेत एकमेकांच्या अंगावरून सहज सरकतात. मराठीतही 'गेला' हे क्रियापद कमी करामती नाही. माणूस कामातून जातो, वाया जातो, हातचा जातो. पण नुसतं गावाचं नाव जोडून आपण असं म्हणत नाही. आपल्याला विभक्ती लागते. इंग्रजीला ती लागत नाही, म्हणून गावाचं विशेषण व्हायला तिथे वेळ लागला नाही.

गावाची नावं गिळायची लष्कराची सवय जुनी आहे आणि ती फक्त गोऱ्यांची नव्हे. अहिल्यानगरजवळ रणगाडे आणि तोफांच्या सरावाचं विस्तीर्ण मैदान आहे, 'के के रेंज'. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांत त्याच्या हद्दीचा आणि जमिनींचा विषय निघाला की गावंच्या गावं जागी होतात. बाहेरच्यांना 'के के' हे एखाद्या जनरलच्या नावाचं संक्षिप्त रूप वाटतं. ते आहे खारे कर्जुने. नगर तालुक्यातलं गाव, दोन इंग्रजी अक्षरांत दुमडून नकाशावर ठेवलेलं.

देवाणघेवाण मात्र दोन्हीकडून झाली, हे विसरून चालणार नाही. गोऱ्या शिपायाने देखो घेतलं आणि 'डेको' केलं, चिठ्ठीचं 'चिट', देगचीचं 'डिक्सी', पागलचं 'पगल्ड', बक्षिसाचं 'बक्शी', खुशीचं 'कुशी'. त्याचा चहा 'चार' झाला, पाव 'रूटी', आणि तुरुंग 'चोकी', म्हणजे आपली चौकी. 'बाप रे' या आपल्या रोजच्या उद्गाराचं 'बॉबरी' झालं आणि अर्थ झाला गोंगाट. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची ही व्युत्पत्ती दिलेली आहे. त्या कोशाचं नावच मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन' या पुकाराचं गोऱ्या शिपायांनी केलेलं भजं. आणि मुंगूस? इंग्रजीतलं 'मंगूस' थेट मराठीतून गेलं आहे. उलट बाजूने आपण रिक्रूटचा 'रंगरूट' केला, गार्डची 'गारद', ऑर्डर्लीचा 'अर्दली', बॅरकच्या 'बराकी'. या व्यवहारात कुणी कुणाला पावती दिली नाही.

या सगळ्या शब्दांत देवळालीचा जोडीदार एकच: 'ब्लायटी'. विलायत, बिलायत, बिलायती, आणि मग ब्लायटी. म्हणजे मायदेश. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात बसलेला, हिंदुस्थान कधी न पाहिलेला पोरगाही 'ब्लायटी' मिळावी म्हणून देवाची करुणा भाकायचा. त्याला हवी असायची बेताची जखम, जीव न घेणारी पण घरी पाठवणारी. ब्रॉफी आणि पार्ट्रिज यांनी १९३० मध्ये त्या युद्धातल्या शिपायांची गाणी आणि बोली गोळा केली, तेव्हा हे हिंदुस्थानी शब्द इंग्रजांच्या पोटात पार मुरलेले होते. ब्लायटीची वाट पाहताना माणूस डूलॅली होतो, एवढं वाक्य केलं तर त्यातले कामाचे दोन्ही शब्द आपल्याकडचे.

देवळाली नाशिक जिल्ह्यात असली तरी नगरचा या दुखण्याशी संबंध थोडाथोडका नाही. नगर हेही लष्कराचंच गाव. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली यांनी किल्ला घेतला, भिंगारला छावणी वसली, आणि किल्ल्याला एक नवं काम मिळालं: माणसं थांबवून ठेवणं. १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी नगरला आणले गेले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन नागरिकांना, त्यांत व्यापारी होते, पाद्री होते, नगरच्या छावणीत तारेआड ठेवलं. गुन्हा कोणताही नाही, शिक्षेला तारीख नाही. अशा कैद्यांच्या मनाचं काय होतं यावर आडोल्फ लुकास फिशर या स्विस डॉक्टरने १९१८ मध्ये पुस्तक लिहिलं आणि दुखण्याला नाव दिलं 'काटेरी तारेचा आजार'. चिडचिड, विस्मरण, क्षुल्लक गोष्टीवरून मारामाऱ्या, पुस्तकाचं एक पान धड वाचता न येणं. फिशरने युरोपातल्या छावण्या पाहिल्या होत्या. त्याने वर्णन केलेला आजार आणि देवळालीचा ताप यांत फरक शोधायला गेलं तर तारेशिवाय दुसरं काही सापडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात किल्ल्यात आलेले कैदी निराळे होते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे डांबले गेले. किती काळ, ते कुणी सांगत नव्हतं. नेहरूंनी बाग केली आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. मौलाना आझाद पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करत आणि मित्राला पत्रं लिहीत, जी टपालात टाकायची सोय नव्हती. ती पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली. तारखेवाचून थांबलेल्या माणसाने काय करावं, याचे हे दोन नमुने. देवळालीच्या गोऱ्या शिपायाजवळ ना बाग होती ना पोथी. त्याला बिअर होती.

आणि मग मिलिगन.

टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन, जग त्याला 'स्पाइक' म्हणून ओळखतं, याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी नगरमध्ये झाला. वडील लिओ मूळचे आयरिश, तोफखान्यात नोकरीला. मुलाचं बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं, पुढे तो इंग्लंडला पोचला. 'घरी' पोचला असं म्हणायची पद्धत आहे, पण त्याने ते घर त्याआधी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या युद्धात तोही तोफखान्यात गेला. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत उखळी तोफेच्या गोळ्याने जखमी झाला आणि त्याहून जास्त मनाने हादरला. पुढे आयुष्यभर त्याला खोल नैराश्याचे आणि उन्मादाचे झटके येत राहिले. या माणसाने लिहिलेल्या कार्यक्रमाने ब्रिटिश विनोदाची कूसच बदलली: बीबीसी रेडिओवरचा 'द गून शो'. पीटर सेलर्स, हॅरी सिकोम आणि तो. पहिल्या मालिकेचं नाव होतं 'क्रेझी पीपल', वेडी माणसं, आणि तिचा पहिला भाग लागला २८ मे १९५१ ला. २८ मे हा नगर शहराचा स्थापना दिन. १४९० साली त्या दिवशी मलिक अहमदने इथली लढाई जिंकली. योगायोगाला अर्थ चिकटवू नये, पण नगरकराने हा सोडूही नये.

मिलिगनने आपल्या आजाराची लाज धरली नाही. १९९३ मध्ये अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर त्याने नैराश्यावर पुस्तक केलं, त्या काळात फार थोड्या नामवंतांनी केलेली गोष्ट. त्याच्या बऱ्याच आधी, नागरिकत्वासाठी, ब्रिटिश सरकारने त्याला राणीशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं होतं. ज्या सैन्यात लढताना जखमी झालो त्याच देशाची शपथ पुन्हा कशाला, म्हणून तो आयरिश नागरिक झाला. २००२ मध्ये तो गेला. विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत एक ओळ कोरलेली आहे. तिचा आशय असा की मी आजारी आहे हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं. डूलॅली या शब्दात जी थट्टा आहे आणि थट्टेच्या आड जे खरं दुखणं आहे, ते दोन्ही एका माणसात पाहायचं असेल तर तो नगरला जन्मला होता.

शब्दाला म्हातारपणी पुन्हा जोम आला तो दुसऱ्या युद्धानंतर. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण आला, युद्ध संपलं, आणि हजारो गोरे शिपाई हिंदुस्थानात अडकले. बोटी कमी, माणसं फार, घरी सोडायचा क्रम वय आणि नोकरीच्या वर्षांवरून ठरलेला. पणजोबांच्या काळचा देवळालीचा ताप पुन्हा चढला, या वेळी शाही हवाई दलात. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या तळावर गोऱ्या हवाई सैनिकांनी काम बंद ठेवलं, लोण इतर तळांवर पसरलं, मागणी एकच: घरी पाठवा. पुढच्याच महिन्यात मुंबईत भारतीय नौसैनिकांचा उठाव झाला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत दुसरा आहे, पहिला नाही.

त्याच सुमारास जिमी पेरी नावाचा तरुण तोफखान्यात नोकरीला असताना देवळालीत करमणूक करणाऱ्या पथकात होता. कंटाळलेल्या फौजेला नाचगाण्याने शांत ठेवायचं हे त्या पथकाचं काम. पेरीने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर त्यावरच विनोदी मालिका लिहिली, 'इट एन्ट हाफ हॉट मम'. १९७४ ते १९८१ अशी आठ पर्वं बीबीसीवर चालली. सुरुवातीची पर्वं देवळालीतच घडतात. आज बीबीसी ती पुन्हा दाखवत नाही. तिच्यातला रंगी राम हा भारतीय नोकर मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा काळवंडून रंगवला होता. बेट्सचा जन्म झाशीचा, त्याला इथली भाषा येत होती, ही सबब पुढे केली जाते. सबब लंगडी आहे. पण मालिकेमुळे एक झालं: डूलॅली म्हणणाऱ्या एका पिढीला निदान एवढं समजलं की हे कुठलं तरी गाव आहे.

१९४७ नंतर देवळालीची छावणी भारतीय सैन्याकडे आली आणि तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आजही तिथे नांदतं आहे. नगरला रणगाड्यांचं, देवळालीला तोफांचं. दोन्ही गावांतल्या खिडकीच्या काचा सरावाच्या दिवशी सारख्याच थरथरतात. रेल्वेच्या इंग्रजी पाटीवर आता 'देवलाली' लिहितात, 'व'सकट, म्हणजे डूलॅली व्हायची वाट स्पेलिंगनेच बंद केली आहे.

शब्द मात्र दुसऱ्या दाराने परत आला. २००९ मध्ये पुण्यात ताजी बिअर गाळून विकणारी एक कंपनी निघाली, तिने नाव घेतलं 'डूलॅली'. पुढे मुंबईत तिच्या बिअरखान्यांना 'टॅपरूम' म्हणू लागले. पिंपातल्या नळाची ही खोली, म्हणून टॅप. गोऱ्या शिपायाने ताप घेतला, त्याच्या नातवंडांनी त्याचा नळ केला, आणि तो नळ वांद्र्यात येऊन वाहू लागला. देवळालीत कंटाळलेला शिपाई ज्या एका गोष्टीत बुडून जात होता, नेमकी तीच.

इथवर जे साक्षीदार बोलले ते जवळपास सगळे गोरे आहेत: रिचर्ड्स, किपलिंग, कोशकार, पेरी. पण त्या छावणीत रोज पहाटे चहाची किटली घेऊन कुणीतरी शिरत होतं, दाढ्या करत होतं, कपडे नेत होतं, पंखा ओढत होतं. देवळाली गाव, भगूर, संसरी, नाशिकरोड इथली ही माणसं. महिनोन्‌महिने बोटीची वाट पाहून भ्रमिष्टासारख्या फिरणाऱ्या या गोऱ्यांना त्यांनीही आपसात काही नाव ठेवलं असेलच. मराठी माणूस नावं ठेवल्यावाचून राहत नाही. देवळालीच्या, नगरच्या किंवा भिंगारच्या छावणीत ज्यांचे आजोबा-पणजोबा कामाला होते अशा घरांत तसा एखादा शब्द, एखादी नक्कल, एखादं टोपणनाव अजून कुणाच्या तोंडी असेल, तर त्यांनी तो पत्राने या अंकाकडे कळवावा. शब्दाबरोबर गाव आणि तो कुणाच्या तोंडून ऐकला ते नातं लिहावं. उच्चार मात्र जसा असेल तसाच ठेवावा.